आधी जाड, मग लहान : नांद्रुकापासून बोन्सायची सुरुवात

बोन्साय नुकतंच सुरू केलेल्या माणसाच्या गच्चीवर एक गोष्ट हमखास दिसते. निळ्या चकाकीची, उथळ, महागडी कुंडी आणि तिच्यात पेन्सिलीएवढ्या खोडाचं, आठदहा पानांचं रोप. मालक मोठ्या उत्साहानं विचारतो, “याचं बोन्साय व्हायला किती दिवस लागतील?” यावर खरं उत्तर द्यायचं तर ते होणारच नाही. त्या कुंडीत ते आणखी १० वर्षं राहिलं तरी पेन्सिलीचा फार तर खडू होईल.

माझी पहिली ३ वर्षं अशीच गेली. उथळ कुंडीत मुळांना पसरायला जागा नसते. मुळं पसरली नाहीत की वरची वाढ मंदावते, आणि वरची वाढ नसेल तर खोड जाड होत नाही. म्हणजे उथळ कुंडी ही या छंदातली शेवटची पायरी, आणि बहुतेक जण चढायला सुरुवात तिथूनच करतात. ‘बोन’ म्हणजे उथळ भांडं आणि ‘साय’ म्हणजे लावणं, हे जपानी शब्दाचे अर्थ सगळीकडे सांगितले जातात. त्या भांड्यात जाण्याआधी झाड काही वर्षं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत दणकून वाढलेलं असतं, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

पुढे जे लिहिलं आहे ते पुण्याच्या हवेत, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, एका नांद्रुकाला धरून. मुंबई-कोकणात किंवा नागपुराकडे असाल तर पाणी आणि ऊन यांचा हिशोब थोडा बदलेल. तो जागोजागी सांगतेच.

झाड कोणतं घ्यावं

नांद्रुक. दुसरं कोणतंही नाव घेण्याआधी नांद्रुक.

नर्सरीत याला ‘फायकस’ म्हणतात, कधी ‘मायक्रोकार्पा’ म्हणतात, कधी ‘रेटुसा’. वडा-पिंपळाच्याच कुळातलं हे झाड आहे. पान मुळातच लहान आणि चकचकीत. वाटेल तिथे छाटलं तरी जुन्या खोडावर नवे डोळे फुटतात. चुकून दोन दिवस पाणी घालायचं राहिलं तर पानं गाळतं, पण लगेच मरत नाही. नवशिक्याला चुका माफ करणारं झाड हवं, आणि आपल्या हवेत याच्याइतकं क्षमाशील झाड मला दुसरं भेटलेलं नाही.

वड सगळ्यांनाच हवा असतो. पण वडाचं पान तळहाताएवढं. ते लहान करत आणायला बरीच वर्षं आणि बराच सराव लागतो, आणि तरीही छोट्या झाडावर ते विजोड दिसतं. वडाचं बोन्साय करायचं तर ते दोन-अडीच फुटांचं करावं. पिंपळाचं पान मात्र नीट निगा राखली तर बरंच आटोक्यात येतं. उंबराचं पान लहान होईल, पण फळ लहान होणार नाही. हा नियम डाळिंबालाही लागू आहे आणि चिकूलाही. पान आणि पेरं आक्रसतात, फुलाफळाचा आकार आहे तोच राहतो. एवढ्याशा झाडावर पूर्ण आकाराचं डाळिंब लोंबतंय, हे काहींना गमतीचं वाटतं. मला तरी ते झाड ओझ्याखाली वाकलेलं दिसतं.

नांद्रुकाच्या जोडीला दुसरं घ्यायचंच असेल तर जेड घ्या, म्हणजे लालसर काडीचं आणि गुबगुबीत गोल पानांचं. ते पाण्यावाचून टिकतं, जास्त पाण्यानं मरतं, त्यामुळे हात आखडता घ्यायला शिकवतं. कुंतीला, म्हणजे मधुकामिनीला, सुंदर साल येते पण वेग गोगलगायीचा. चिंचेची बारीक पानं या कामासाठीच घडवल्यासारखी असतात, मात्र तिला ऊन भरपूर लागतं. बोगनवेल दुसऱ्या वर्षी घ्या, कारण तिची मुळं ठिसूळ आणि नाजूक असतात, कुंडी बदलताना मातीचा गोळा फुटला की ती रुसते.

देवदार, पाइन वगैरे फोटोंत पाहिलेली झाडं विसरून जा. त्यांना थंडीत विश्रांती लागते. ती आपल्याकडे मिळत नाही. इंटरनेटवर ‘बोन्सायच्या बिया’ विकायला असतात, त्याही घेऊ नका. बोन्सायची वेगळी बी नसते. चिंचेच्या बीपासून चिंचच उगवते, तिला लहान राखणारे हात आपले असतात.

आणखी एक फुकटचा मार्ग आहे. जुन्या इमारतीच्या भिंतीत, पाइपाच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात वड-पिंपळ उगवलेले असतात. सोसायटीला ते नको असतात आणि पिंपळ तोडायला मात्र कोणी धजावत नाही. तुम्ही काढून नेतो म्हणालात की चेअरमनसुद्धा शिडी धरायला येतात. भिंतीच्या फटीत कोंडून वाढल्यामुळे अशा रोपांच्या बुंध्याशी छान फुगीर, वेडावाकडा आकार आलेला असतो. जूनमध्ये, पाऊस लागल्यावर काढायचं, जवळपास सगळी पानं कापायची, कुंडीत लावून वरून प्लॅस्टिकची पिशवी सैलसर घालायची आणि महिनाभर सावलीत ठेवायचं. डोंगरावरची करवंद किंवा जंगलातलं झाड मात्र उपटून आणू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात खडकातून काढलेलं झाड बहुधा जगतही नाही.

नर्सरीत गेल्यावर

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलात की नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. ‘बोन्साय’ अशी पाटी लावलेल्या कोपऱ्याकडे पहिल्यांदा जाऊ नका. तिथे बहुधा बटाट्यासारख्या फुगीर मुळांवर कलम केलेली फायकस असतात, किंवा इंग्रजी एस अक्षरासारखं पिळलेलं खोड आणि वर चेंडूसारखा पानांचा झुपका. काहींच्या मातीवर गोटे चिकटवलेले असतात. पाणी आत जात नाही, घरी नेल्यावर दोन महिन्यांत झाड वाळतं आणि माणूस म्हणतो, “मला बोन्साय लाभत नाही.”

मागच्या बाजूला जा. कुंपणासाठी वाढवलेली, काळ्या पिशवीतली, धूळ बसलेली नांद्रुकं तिथे ओळीनं उभी असतात. शेदोनशे रुपयांत मिळतात. उंची बघू नका, बुंधा बघा. पिशवीची वरची एकदोन इंच माती बोटानं बाजूला सारा (नर्सरीवाल्याला विचारून) आणि तीन गोष्टी तपासा. बुंधा अंगठ्याइतका तरी जाड आहे का? मातीलगत तो वरच्यापेक्षा रुंद होत गेलाय का? आणि मुळं एकाच बाजूला आहेत की चारी दिशांना फाकली आहेत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. खोडाचा आकार पुढे बदलता येतो, फांद्या नव्या वाढवता येतात, पण एका बाजूची मुळंच नसतील तर ती आणायला फार खटाटोप पडतो.

चांगलं बोन्साय कसं दिसतं हे डोळ्यात बसायला हवं असेल, तर जानेवारीत २६ तारखेच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं, तिथल्या बोन्साय विभागात जा. मोबाइल खिशात ठेवा. गुडघे वाकवा, झाड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि बुंध्यापासून वर बघत जा. वरून खाली बघितलेलं बोन्साय म्हणजे नुसती हिरवी टोपली.

जागा

बोन्साय घरात ठेवायची वस्तू नाही. पाहुणे येणार असतील तर दिवसभर टीपॉयवर आणा, रात्री परत बाहेर. नांद्रुकाला रोज ४ ते ६ तास ऊन हवं, पूर्वेचं असेल तर उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी १२ नंतर हिरवी जाळी लागेल. पुण्यात ५० टक्के सावलीची पुरते, विदर्भात त्याहून दाट घ्यावी लागेल. कुंडी सरळ गच्चीच्या फरशीवर टेकवू नका. मे महिन्यात ती फरशी तव्यासारखी तापते आणि मुळं खालून भाजतात. दोन विटा आणि वर फळी, एवढं पुरे.

माती : नाव माती, पण तिच्यात माती नाही

सगळ्यात जास्त झाडं इथे दगावतात. बागेतली काळी माती बोन्सायला चालत नाही. ती पाण्यानं फुगते, वाळली की तडकते, आणि कुंडीत तिचा चिखलाचा गोळा होतो. मुळांना पाणी लागतं तितकीच हवाही लागते. म्हणून आपल्याला मिश्रण हवं ते दाणेदार, ज्यातून ओतलेलं पाणी काही क्षणांत खालून बाहेर येईल.

माझं मिश्रण असं : ३ भाग वीटचुरा, १ भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पानकुजीचं खत, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकणात किंवा मुंबईत असाल तर कोकोपीट निम्मं करा आणि तेवढा वीटचुरा वाढवा, नाहीतर जुलैत मुळं कुजतील.

वीटचुरा घरीच करायचा. वीट पक्की भाजलेली हवी. नखानं ओरखडली तर पावडर सुटते ती कच्ची, पावसात तिचा गाराच होणार. सिमेंट लागलेले तुकडेही टाळा. पोत्यात घालून हातोडीनं फोडा, नाकाला रुमाल बांधून. मग दोन चाळण्या लावा. पहिल्या चाळणीतून हरभऱ्यापेक्षा मोठे खडे वर राहतात, ते पुन्हा फोडायला. दुसरी रव्याची, तिच्यातून भुकटी खाली जाते. आपल्याला हवेत ते मधले, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचे. खाली पडलेली भुकटी मिश्रणात जाऊ देऊ नका. ती हळूहळू तळाशी बसते, भोकं बुजवते आणि वरून सगळं आलबेल दिसत असताना खाली मुळं सडतात. चाळलेला चुरा एकदा पाण्यानं धुऊनही घ्यावा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या झाडांच्या मरणाचा दर निम्म्यानं तरी उतरला तो याच कामानं, असं मला वाटतं.

पहिली कुंडी

नांद्रुक हलवायचे आपल्याकडे दोन मोसम : फेब्रुवारी-मार्च, म्हणजे नवी पालवी फुटायच्या बेतात असताना, किंवा जून-जुलै, पाऊस स्थिरावल्यावर. थंडीत आणि मे महिन्यात हात लावू नका.

कुंडी घ्या साधी मातीची, १२ इंच तोंडाची. सामान : छाटणीची धारदार कात्री, जेवणाच्या पार्सलाबरोबर आलेल्या बांबूच्या काड्या, नायलॉन जाळीचे तुकडे, थोडी तार आणि फुटक्या फरशीचा ताटलीएवढा तुकडा.

१. आदल्या दिवशी झाडाला पाणी देऊ नका. माती थोडी सुटसुटीत असली की मुळं कमी तुटतात.

२. कुंडीच्या भोकांवर जाळी टाका. भोकातून तारेचे दोन लांब तुकडे वर काढून ठेवा. पुढे लागतील.

३. पिशवी फाडा. बांबूच्या काडीनं बाहेरून आत, केस विंचरावेत तशी मुळं मोकळी करा. जुनी काळी माती जमेल तितकी काढा, पण पहिल्याच वेळी सगळं मूळ उघडं करायचा हट्ट नको.

४. खाली सरळ गेलेलं जाड सोटमूळ कापा. गोल गोल गुंडाळलेली मुळं कापा. आडवी पसरलेली बारीक मुळं राखा. एकूण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुळं काढू नका. कापल्यावर पांढरा चीक येईल. पाणी शिंपडलं की थांबतो. हाताला लागला तर लगेच धुवा, काहींना खाज येते.

५. कुंडीत अर्ध्यापर्यंत मिश्रण भरा, त्यावर फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर पातळ थर मिश्रणाचा आणि त्यावर झाड. मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूकडे पसरा. खाली फरशी असल्यामुळे ती खोल न जाता आडवी धावतात. ४-५ वर्षांनी बुंध्याशी जमिनीला धरून बसलेल्या पंजासारखी मुळं दिसावीत, यासाठी आज ही फरशी.

६. बाहेर काढलेल्या तारांनी झाड कुंडीला घट्ट बांधा. ही पायरी सगळे गाळतात. वाऱ्यानं झाड हललं की नुकती फुटलेली केसासारखी मुळं तुटतात, पुन्हा फुटतात, पुन्हा तुटतात.

७. बाकीचं मिश्रण भरा, काडीनं खुपसून पोकळ्या भरा आणि खालून निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणी द्या.

मग दोन ते तीन आठवडे उजेड असलेल्या सावलीत. महिनाभर खत नाही, छाटणी नाही, तार नाही. काही पानं पिवळी पडून गळतील. गळू द्या. याच काळात काळजीपोटी दिवसातून चारदा पाणी घालून झाड मारलं जातं.

कंटाळवाणी वर्षं

आता झाड वाढू द्यायचं. छाटायचं नाही. हे ऐकून लोकांचा विरस होतो, कारण कात्री आणलेली असते.

खोड जाड होतं ते पानांच्या जिवावर. म्हणून एक शेंडा मोकळा सोडायचा, तो ४-५ फूट गेला तरी जाऊ द्यायचा. दिसायला झाड अगदी गबाळं दिसतं. खालच्या फांद्यांवर त्याची सावली पडत असेल तर तेवढ्या बाजूची पानं काढा, बाकी काही नाही. गावी किंवा बंगल्याभोवती थोडी जमीन असेल तर तिथेच लावा. जमिनीतलं झाड एका वर्षात कुंडीतल्या तीन वर्षांचं काम करून दाखवतं.

थांबायचं कधी? जुना ठोकताळा असा की झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी. बुंधा ४ सेंटिमीटर झाला तर झाड २४ सेंटिमीटरचं शोभेल. मग पहिला मोठा काप खोडावर द्यायचा तो त्या उंचीच्याही बराच खाली, कुठेतरी तिसऱ्या हिश्श्यावर, एखाद्या बाजूच्या फांदीच्या किंचित वर, तिरका. तीच फांदी पुढे शेंडा होते. ती जाड झाली की पुन्हा कापायची. अशा दोनतीन कापांनंतर खोड खाली जाड, वर निमुळतं आणि मधे हलकेच वळणं घेत गेलेलं दिसतं. तारेनं आणलेल्या वळणापेक्षा हे वळण कितीतरी खरं वाटतं. कापलेल्या कोवळ्या काड्या फेकू नका. पावसाळ्यात वाळूत खोचल्या की बहुतेक रुजतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला होतात.

पाणी

“रोज किती पाणी घालायचं?” या प्रश्नाला उत्तर नाही. वरची अर्धा इंच माती बोटाला कोरडी लागली की घालायचं, ओली लागली की नाही. मोठ्या कुंडीत बांबूची काडी खोचून ठेवा आणि पाणी घालण्याआधी काढून बघा, रंग बदललेला आहे तिथवर ओल आहे. महिनाभरात कुंडी नुसती उचलून वजनावरून कळायला लागतं.

घालताना मात्र भरपूर, झारीनं, दोनदा. पहिल्यांदा घातलेलं बऱ्याचदा कडेकडेनं निसटून जातं, पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा घातलेलं मुरतं. उथळ कुंडीतल्या झाडाला एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लागतं, डिसेंबरात एक दिवसाआडसुद्धा चालतं. उन्हाळ्यात एखादी कुंडी ठणठणीत कोरडी झालीच तर वरून पाणी घालून उपयोग नाही. बादलीत कुंडी बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

पावसाळ्यात उलट. सलग आठवडाभर झड लागली तर कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सारून ती तिरकी करा, पाणी निथळून जातं. आणि ‘पाऊस पडतोय ना’ या भरवशावर राहू नका. घनदाट झाडाची पानं छत्रीसारखी पाणी बाहेर फेकतात, भुरभुर पावसात कुंडीतली माती कोरडीच राहते. माझं एक कुंतीचं झाड भर श्रावणात वाळलं ते असंच.

बोअरचं पाणी असेल तर पानांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरे डाग दिसतील. पावसाचं पाणी पिंपात साठवून अधूनमधून तेच भरपूर घाला, साठलेले क्षार थोडे धुऊन निघतात.

छाटणी आणि तार

खोड मनासारखं झालं की आता फांद्या. पहिली फांदी साधारण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, दुसरी तिच्या समोरच्या बाजूला थोडी वर, तिसरी मागे. मागची फांदी नसेल तर झाड पुस्तकात दाबून ठेवल्यासारखं चपटं दिसतं. आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींवरून गेलेल्या आणि खोडाच्या ऐन समोर आलेल्या फांद्या काढून टाका. रोजच्या छाटणीचा नियम सोपा : नवी काडी सहा-सात पानं देऊ द्या, मग दोन ठेवून बाकी कापा. शेवटचं पान ज्या दिशेला असेल त्या दिशेला नवा फुटवा जाईल, म्हणून कुठल्या पानाशी थांबायचं ते बघून कापा.

तार ॲल्युमिनियमची घ्या, १.५ आणि ३ मिलिमीटर एवढ्या दोन जाड्या सुरुवातीला पुरतात. तारेची जाडी फांदीच्या एकतृतीयांश. आधी टोक मातीत किंवा दुसऱ्या फांदीला अडकवायचं, मग ४५ अंशांच्या तिरकसपणानं वेढे द्यायचे, दाबून नाही आणि सैलही नाही. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. वाकवताना दोन्ही हातांचे अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला लावा आणि हळू. ‘कट्’ असा आवाज आला तर थांबा. फांदी पूर्ण तुटली नसेल तर तिथेच बांधून ठेवा, नांद्रुक बऱ्याचदा जुळून येतं.

आता धोक्याची गोष्ट. पावसाळ्यात नांद्रुक इतक्या वेगानं फुगतं की महिन्याभरात तार सालीत रुतते. तिचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी तपासा, आणि काढायची वेळ आली की उलगडत बसू नका, पक्कडीनं तुकडे करून काढा. तार वाचवायच्या नादात फांदी मोडते.

एका मोसमात एकच मोठं काम. मार्चमध्ये कुंडी बदलली असेल तर जड छाटणी पावसाळ्यात. पावसाळ्यात खोड कापलं असेल तर मुळांना पुढच्या मार्चपर्यंत हात नाही. मुळं, फांद्या आणि तार हे तिन्ही एकाच रविवारी उरकणाऱ्यांची झाडं मी पाहिली आहेत. फोटो फार छान येतात, पण तेवढेच उरतात.

पानं लहान करायला काही जण सगळी पानं खुडतात. देठ ठेवून पान कात्रीनं कापायचं, तीनचार आठवड्यांत नवी, लहान पानं येतात. पण हे फक्त दोन वर्षं निरोगी असलेल्या झाडावर, फाल्गुन-चैत्रात आणि त्या वर्षी कुंडी बदललेली नसेल तरच.

खत आणि किडी

वाढीच्या महिन्यांत, मार्च ते ऑक्टोबर, दर १५ दिवसांनी पातळ खत. शेंगदाण्याची पेंड १०० ग्रॅम, एक लिटर पाण्यात तीनचार दिवस भिजवायची, गाळून दसपट पाण्यात मिसळायची. वास असा सुटतो की खालच्या मजल्यावरून विचारणा होते. म्हणून मी ती झाकण घट्ट लावून ठेवते आणि घालते रात्री. ज्यांना हे नको त्यांनी बाजारातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) घ्यावं, एका लिटरला एक-दोन ग्रॅम. आजारी झाडाला खत देऊ नये. ताप आलेल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही.

नांद्रुकाचं नवं पान होडीसारखं दुमडलेलं दिसलं तर उघडून बघा, आत बारीक काळे फुलकिडे असतात. ती पानं खुडून पिशवीत बांधून फेका. फवारा दुमडलेल्या पानाच्या आत पोचतच नाही. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा. इतर वेळी पंधरवड्यातून एकदा निंबोळी तेल, लिटरला ५ मिलि आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब, संध्याकाळी फवारलं तर पुरतं. मुंग्यांची रांग दिसली की मावा किंवा खवले कीड कुठेतरी आहेच, असं समजून शोधा.

पारंब्या आणि वटपौर्णिमा

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत नांद्रुकाला पारंब्या आपोआप सुटतात. पुण्यात पावसाळ्यातच सुटतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सुकतात. एखादी नेमकी जागी आलेली पारंबी वाचवायची तर सरबताची नळी उभी चिरून तिच्याभोवती बसवा, आत ओलं कोकोपीट भरा, खालचं टोक मातीत. पारंबी मातीला पोचली की तिचा खांब व्हायला लागतो, मग नळी काढा.

माझ्याकडे भिंतीतून काढलेला एक वडही आहे. दर वटपौर्णिमेला सोसायटीतल्या चारपाच जणी त्याची पूजा करायला येतात, फांद्या तोडून आणण्यापेक्षा बरं म्हणून. मला आवडतं. फक्त दुसऱ्या दिवशी खोडाभोवतीचं सूत आठवणीनं सोडवते आणि हळदकुंकू धुऊन काढते. एके वर्षी सूत तसंच राहिलं, दिवाळीला बघितलं तर खोडावर दोऱ्याचा वळ.

त्याच बायकांपैकी एखादी हळूच विचारते, “घरात बोन्साय असलं की प्रगती खुंटते म्हणतात ना?” कुणी म्हणतं, झाडाचे हाल होतात. वास्तूचं मला माहीत नाही. हालांचं म्हणाल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे. तो १६२५ पासून कुंडीत सांभाळला गेला, ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात होता, वाचला, आणि १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाच्या मासारूंनी तो अमेरिकेला भेट दिला. बॉम्बची गोष्ट तिथल्या लोकांना कळली २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. हाल होणारं झाड चारशे वर्षं जगत नाही. उपाशी ठेवलेलं, काळ्या चिखलात कोंबलेलं, दिवाणखान्यातल्या अंधारात ठेवलेलं झाड मात्र खरंच हालात असतं, मग त्याला बोन्साय म्हणा नाहीतर काहीही.

गावाला जाताना

ऐन उन्हाळा नसेल तर दोन दिवसांचा प्रश्न नाही. चारपाच दिवस जाणार असाल तर रुंद टबात चार बोटं ओली वाळू भरा, कुंड्या तिच्यात अर्ध्या रुतवा आणि टब सावलीत ठेवा. जेड मात्र बाहेरच राहू द्या, त्याला काही होत नाही. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंना किल्ली द्यावीच लागते. काकू मायेनं सगळ्यांनाच रोज तांब्याभर पाणी घालतात, म्हणून जेडच्या कुंडीवर मी चिठ्ठी लावून जाते : “काकू, याला नको.”